इंजिनिअर, सीए, फार्मसीवाले आणि पॉलिटिकल सायन्सची पीएचडी: दुसऱ्या शाखेतून येऊन अर्ज कसा करायचा

बीई झालंय, किंवा बीकॉम, बीफार्म, आर्किटेक्चर, काहीही, नोकरी बरी चाललीये, आणि आता डोक्यात बसलंय की पॉलिटिकल सायन्समध्ये पीएचडी करायची. घरच्यांचा पहिला प्रश्न असतो "म्हणजे निवडणूक लढवणार का तू?" आणि तुमचा स्वतःचा पहिला प्रश्न असतो "मला घेतील का?" घरच्यांना काय सांगायचं ते तुम्ही बघा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो: घेतात. मी पण इंजिनिअरिंगमधूनच इकडे आलोय आणि ज्युनिअर मंडळी परत परत तेच विचारतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून टाकतो.

एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. भारतात आधी नियम बघतात आणि मग माणूस, परदेशात (म्हणजे मुख्यतः अमेरिकेत) आधी तुमचं काम बघतात आणि डिग्री कुठल्या विषयातली हे फार नंतर. त्यामुळे इथल्यासाठी आधी पात्रतेचे कागद जुळवा, तिकडच्यासाठी वर्षभर बसून एक चांगला प्रश्न आणि एक चांगला निबंध तयार करा. बरीच हुशार पोरं नेमकं उलटं करतात, तिकडे सर्टिफिकेटं पाठवतात आणि इथे पॅशन दाखवतात.

राजकारणाची आवड आणि राज्यशास्त्र, दोन्ही वेगळं

ट्रेनमध्ये कल्याण ते सीएसएमटी राजकारणावर वाद घालता येतो म्हणून पीएचडी करता येईल असं नाही. यूपीएससीला पीएसआयआर (राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध) ऑप्शनल घेतलेले खूप जण इकडे वळतात, ५०० मार्कांचा अभ्यास झालेला असतो, विचारवंतांची नावं पाठ असतात, पण ती तयारी उत्तरं लिहिण्याची असते, इथे प्रश्न काढायचा असतो. उत्तर आधीच माहीत असेल तर तो संशोधनाचा प्रश्नच नाही.

उदाहरण घ्या आपल्याच महापालिकेचं. "राजकारणात महिला कमी का?" हा कट्ट्यावरचा प्रश्न झाला. आता हे बघा: मुंबईत प्रभाग महिलांसाठी आरक्षित होतात ते आळीपाळीने, आणि पुढच्या निवडणुकीत तोच प्रभाग पुन्हा खुला होऊ शकतो. मग जो प्रभाग आधी आरक्षित होता आणि आता खुला झाला, तिथे बाई निवडून यायची शक्यता वाढते का? रिखिल भावनानी या राज्यशास्त्रज्ञाने १९९७ आणि २००२ च्या मुंबई महापालिका निवडणुका घेऊन हेच तपासलं आणि २००९ साली अमेरिकन पॉलिटिकल सायन्स रिव्ह्यूमध्ये लेख छापला. निष्कर्ष असा की आधी आरक्षित असलेल्या प्रभागात बाई जिंकण्याची शक्यता आरक्षित नसलेल्यापेक्षा जवळपास पाचपट होती. विषय तोच, पण आता तुलना आहे, पुरावा कुठून येणार ते ठरलंय, आणि आपलं म्हणणं चुकीचं निघू शकतं याची सोय आहे. तुमच्या प्रश्नात या तीन गोष्टी आल्या की तुम्ही निम्मं काम केलं असं समजा.

आता तुमची जुनी डिग्री इथे कामाला लावा, लपवू नका. सीए असाल तर महापालिकेचं बजेट, जे देशातल्या काही छोट्या राज्यांच्या बजेटपेक्षा मोठं असतं, ते तुम्ही वाचू शकता आणि राज्यशास्त्राच्या एमएवाल्याला त्यात घाम फुटतो. कुठल्या वॉर्डात पैसा जातो आणि तिथला नगरसेवक सत्ताधारी पक्षाचा आहे की नाही, याचा काही संबंध आहे का? मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे काही वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक बसला होता, त्या काळात खर्चाचं वाटप बदललं का? आर्किटेक्ट असाल तर एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन, आहे. झोपड्यांच्या संरक्षणाची तारीख १ जानेवारी १९९५ वरून १ जानेवारी २००० वर सरकली, ती कधी सरकते, का सरकते, कोण सरकवतं, हा नियोजनाचा प्रश्न दिसतो पण आत सगळं राजकारण आहे. फार्मसीवाल्यांना औषध नियंत्रण, वकिलांना कोर्टांचं राजकारण, पत्रकारांना फील्डवर जाऊन माहिती कशी काढायची हे आधीच येतं. इंजिनिअरांना गणित आणि कोडिंग येतं, आणि आजकालच्या राज्यशास्त्रात ते इतकं लागतं की अमेरिकेतले प्रोफेसर अशा अर्जांकडे आवर्जून बघतात.

(जाता जाता: एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना गणित कमी म्हणून अर्थशास्त्राच्या पीएचडीला घेतलं नव्हतं, त्या राज्यशास्त्रात गेल्या आणि २००९ ला नोबेल मिळालं ते अर्थशास्त्राचं. घरी सांगायला बरं पडतं.)

उपशाखा पण ठरवावी लागते. तुलनात्मक राजकारण, आंतरराष्ट्रीय संबंध, राजकीय सिद्धांत, अमेरिकन राजकारण, आणि संशोधन पद्धती अशी साधारण विभागणी असते, भारतावर काम करणारे बहुतेक तुलनात्मकमध्ये जातात. अर्जात एक मुख्य आणि एक दुय्यम विचारतात. "मला सगळंच आवडतं" हे उत्तर चालत नाही.

भारतातला रस्ता: आधी पात्रता

यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) पीएचडीची नियमावली नोव्हेंबर २०२२ ची आहे, ती एकदा स्वतः वाचा, क्लासवाल्याच्या व्हिडिओवर अवलंबून राहू नका. त्यात दोन वाटा आहेत. एक, पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्क्यांनी. दोन, चार वर्षांची म्हणजे आठ सेमिस्टरची पदवी किमान ७५ टक्क्यांनी. एससी, एसटी, ओबीसी (नॉन क्रिमी लेयर), दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस यांना ५ टक्के सूट. बीई आणि बीफार्म चार वर्षांचे असतात, त्यामुळे दुसरी वाट कागदावर तुमच्यासाठी उघडी आहे, बीकॉम तीन वर्षांचं असेल तर नाही.

नेटचं, म्हणजे कॉलेजात शिकवण्यासाठी आणि पीएचडीसाठी असलेल्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचं, गणित इथे महत्त्वाचं. जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफ (संशोधनासाठी दरमहा मिळणारी फेलोशिप) आणि सहायक प्राध्यापक पात्रता, नुसती सहायक प्राध्यापक पात्रता आणि पीएचडी, आणि नुसती पीएचडी प्रवेशापुरती पात्रता. शेवटच्या दोन गटांत असाल तर प्रवेशाला नेटच्या मार्कांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन, आणि ते मार्क एकच वर्ष चालतात. चार वर्षांच्या पदवीवाल्यांना ज्या विषयात पीएचडी करायची त्या विषयाची नेट देता येते, पदवी कुठल्याही विषयातली असो. म्हणजे ७५ टक्केवाला मेकॅनिकल इंजिनिअर पॉलिटिकल सायन्सची (विषय कोड ०२) नेट देऊ शकतो, हे अजून बऱ्याच जणांना माहीतच नाहीये. पण ज्यांचं मास्टर्स दुसऱ्या विषयात झालंय, एमकॉम वगैरे, त्यांना नेट मास्टर्सच्याच विषयात द्या असा सल्ला माहितीपत्रकात असतो, त्यामुळे त्यांची गाडी तिथे अडते.

परीक्षा तीन तासांची, पहिला पेपर ५० प्रश्न १०० मार्क सगळ्यांना सारखा, दुसरा विषयाचा १०० प्रश्न २०० मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही. जेआरएफ लागली तर २०२३ पासून महिना ३७,००० आणि एसआरएफला (तिचाच पुढचा टप्पा) ४२,०००, वर घरभाडं भत्ता वेगळा. जेआरएफला वयाची अट आहे, ती चालू माहितीपत्रकात बघून घ्या, विशेषतः नोकरी करून उशिरा वळणाऱ्यांनी.

आता माझं मत. चार वर्षांच्या पदवीवर थेट पीएचडीला जाता येत असेल तरी, पुढे भारतात कॉलेजात शिकवायचं असेल तर त्या विषयातलं किंवा संबंधित विषयातलं मास्टर्स लागणारच. मग एमए करूनच घ्या ना. नोकरी सोडायची नसेल तर इग्नूचं एमए पॉलिटिकल सायन्स आहे, किंवा मुंबई विद्यापीठाचं दूरस्थ शिक्षण केंद्र, ज्याला आपण अजून सवयीने आयडॉलच म्हणतो आणि आता नाव सीडीओई झालंय. तिथला चालू वर्षाचा अभ्यासक्रम आणि मान्यता प्रवेश घेण्याआधी तपासा. इग्नूचं सगळं अभ्याससाहित्य ईज्ञानकोशवर फुकट आहे, प्रवेश न घेता पण वाचता येतं, राजकीय सिद्धांत, तुलनात्मक राजकारण, भारतातली लोकशाही आणि विकास, हे भाग आधी वाचा, नेटला पण तेच कामाला येतं. रेग्युलर करायचं असेल तर कलिनाला फिरोजशहा मेहता भवनातला नागरिकशास्त्र आणि राजकारण विभाग, चर्चगेटला एसएनडीटी, पुण्याला जायची तयारी असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग. दूरस्थ एमए चालतं, दूरस्थ पीएचडी मात्र चालत नाही, नियमावलीतच नाही म्हटलंय. पार्टटाइम पीएचडी चालते, ऑफिसचं ना हरकत पत्र लागतं, आणि ते एचआरकडून काढायला जो वेळ जातो तो धरून चला.

नेट नसेल तर विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा, मुंबईत पेट. २०२२ च्या नियमाप्रमाणे अशा परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीचे आणि निम्मे विषयाचे असतात, ५० टक्के मिळाले की मुलाखतीला बोलावतात. बाहेरून येणाऱ्यांनी संशोधन पद्धतीचा अर्धा भाग मनापासून करावा, तिथे सगळे सारखेच कच्चे असतात आणि सॅम्पलिंग, गृहीतक, व्हेरिएबल हे शब्द तुम्हाला नवीन नाहीत.

पण खरी मारामारी गाइडची आहे. एका प्रोफेसरकडे ८, असोसिएटकडे ६, असिस्टंटकडे ४ एवढेच विद्यार्थी एका वेळी असू शकतात. तुम्ही पेट पास झालात, मुलाखत झाली, आणि गाइडकडे जागाच नाही असं होतं. म्हणून परीक्षेच्या आधीच विभागाच्या वेबसाइटवर कोण कशावर काम करतं ते बघा, त्यांचे दोन लेख वाचा, आणि मग ईमेल करा किंवा वेळ घेऊन जाऊन भेटा. "सर, तुमच्याकडे जागा आहे का" एवढंच विचारायला जाऊ नका, एक पानाचं टिपण घेऊन जा. सरांना किंवा मॅडमना तुमचा विषय त्यांच्या कामाशी कुठे जुळतो हे दोन मिनिटांत कळलं पाहिजे.

मुंबईत राहूनच करायचं असेल तर अजून दोन नावं बघा, देवनारचं टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आणि पवईला आयआयटीचं अशांक देसाई सेंटर फॉर पॉलिसी स्टडीज. दुसरं तर धोरण अभ्यासाचं आहे, शुद्ध राज्यशास्त्र नाही, पण टेक्निकल बॅकग्राउंडवाल्यांना तिथली हवा मानवते. बाहेर जेएनयू, दिल्ली विद्यापीठ, हैदराबाद विद्यापीठ, अशोका. प्रत्येकाचे नियम वेगळे, संबंधित विषय म्हणजे काय हे विभाग ठरवतो, त्यामुळे शंका असेल तर लेखी विचारा आणि उत्तराचा ईमेल जपून ठेवा.

परदेशाचा रस्ता: फाइल कशी बनते

अमेरिकेत मास्टर्स लागत नाही, पीएचडी पाच-सहा वर्षांची, पहिली दोन वर्षं क्लास, मग मोठी परीक्षा, मग प्रबंध. चांगल्या विद्यापीठात प्रवेश म्हणजे फी माफ आणि वर स्टायपेंड. स्टायपेंड नसलेली ऑफर आली तर माझ्या मते घेऊ नका. ब्रिटनमध्ये पीएचडी तीन-चार वर्षांची, मास्टर्स जवळपास लागतंच, संशोधन प्रस्ताव आधी द्यायचा आणि गाइड आधी शोधायचा, आणि फंडिंग वेगळं मिळवायचं. नॉर्वे-स्वीडनकडे पीएचडी म्हणजे पगाराची नोकरीच असते, जाहिरात निघते तेव्हा अर्ज करायचा. दुसऱ्या शाखेतून येणाऱ्याला अमेरिका सोयीची, कारण विषय तिथे जाऊन शिकायची दोन वर्षं मिळतात. अडचण एवढीच की गेल्या एक-दोन वर्षांत तिथल्या बऱ्याच विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्यात, काहींनी एखाद्या वर्षी प्रवेशच थांबवले, त्यामुळे यादी करताना या वर्षी प्रवेश चालू आहेत ना हे प्रत्येक विभागाच्या पानावर बघा.

डेडलाइन बहुतेक डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. आपल्याकडच्या कॅलेंडरने सांगतो: जानेवारीत वाचायला लागा, उन्हाळ्यात निबंधाचा कच्चा खर्डा, गणपतीच्या आधी शिफारसपत्रांसाठी विचारून टाका, दसऱ्यापर्यंत एसओपीचा (म्हणजे मला काय संशोधन करायचंय आणि का, हे सांगणाऱ्या निवेदनाचा) तिसरा-चौथा खर्डा, आणि दिवाळीच्या सुट्टीत कोणीही ईमेलला उत्तर देत नाही हे गृहीत धरून सगळी कागदपत्रं त्याच्या आधी मागवा. ट्रान्सक्रिप्टला तर अजून आधी लागा, विद्यापीठ कुठलंही असो, वेळ लागतो. बहुतेक ठिकाणी अर्जाच्या वेळी स्कॅन कॉपी चालते, मूळ प्रत प्रवेश मिळाल्यावर मागतात, उगाच आधी डिग्रीचं परदेशी मूल्यांकन करून घेण्यावर पैसे घालू नका.

*एसओपी.* साधारण दोन पानं. लोक सुरुवात करतात "लहानपणापासून मला राजकारणाची ओढ होती, आजोबा मला सभांना न्यायचे." प्रवेश कमिटीतल्या माणसाने त्या दिवशी अशी चाळीस वाचलेली असतात. त्याऐवजी पहिल्याच परिच्छेदात प्रश्न टाका, काहीसं असं:

"मुंबईत नगरसेवक नसलेल्या काळात नागरिकांच्या तक्रारींचं काय झालं? निवडून आलेला प्रतिनिधी मधला दुवा असतो असं आपण मानतो. तो दुवा काही वर्षं नव्हता. या काळातल्या वॉर्डनिहाय तक्रारींची आधीच्या वर्षांशी तुलना केली तर प्रतिनिधी नेमकं काय काम करतो हे मोजता येईल, आणि ते काम गरीब वस्त्यांत जास्त होतं की कमी हेही."

(अर्थात तुम्ही इंग्रजीत लिहाल, पण बांधणी हीच.) दुसऱ्या परिच्छेदात या विषयावर आधी कोण काय म्हणालंय आणि त्यात काय राहिलंय. तिसऱ्यात तुम्ही आत्तापर्यंत काय केलंय. आणि इथेच, फक्त इथेच, चार-पाच ओळींत शाखा बदलल्याचं सांगायचं. माफी मागायची नाही, जीवनप्रवास सांगायचा नाही. "पाणीपुरवठा प्रकल्पावर इंजिनिअर म्हणून काम करताना दिसलं की पाइपलाइनचा मार्ग तांत्रिक कारणाने नाही तर वाटाघाटीने ठरतो, तिथून हा प्रश्न आला" एवढं पुरे. शेवटच्या भागात त्या विभागातले तीन-चार प्रोफेसर आणि त्यांचं काम तुमच्या प्रश्नाला कसं लागू पडतं. हा भाग प्रत्येक विद्यापीठासाठी खरोखर नवा लिहा, नाव बदलून पेस्ट केलेलं लगेच कळतं, आणि रिटायर झालेल्या प्रोफेसरचं नाव घातलं तर गंमतच. काही विद्यापीठं एसओपीशिवाय वेगळं वैयक्तिक निवेदन मागतात, तुमची घरची परिस्थिती, पहिली पिढी शिकणारी, मराठी माध्यम, हे सगळं तिथे लिहा, मोकळेपणाने.

*लेखन नमुना.* दुसऱ्या शाखेतून येणाऱ्यांची फाइल इथे उभी राहते किंवा पडते. १५ ते ३० पानांचा संशोधन निबंध मागतात आणि तुमच्याकडे असतो फायनल इयरचा गिअरबॉक्सचा प्रोजेक्ट. तो पाठवू नका. एक नवीन लिहावाच लागेल, त्याला सहा महिने द्या. डेटा फुकट आहे: निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल, अशोका विद्यापीठाच्या त्रिवेदी सेंटरचं लोकढाबा, जिथे लोकसभा आणि विधानसभांचे मतदारसंघनिहाय निकाल एकत्र मिळतात, उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं मायनेता साइटवर, जगभरची तुलना करायची तर व्ही-डेम, जिथे देशोदेशींच्या लोकशाहीचे आकडे मिळतात. मुंबईपुरतं प्रजा फाउंडेशनचे नगरसेवक आणि आमदारांवरचे अहवाल आहेत, महापालिकेच्या तक्रारींवरचे पण. आर ही आकडेवारीची प्रोग्रॅमिंग भाषा शिका, फुकट आहे आणि राज्यशास्त्रात बरेच जण तीच वापरतात, पायथॉन येत असेल तरी चालेल. संख्याशास्त्रात रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी किती संबंध आहे ते मोजायची पद्धत) नीट कळलं पाहिजे, म्हणजे कमांड चालवणं नाही, आकडा काय सांगतोय आणि काय सांगत नाहीये ते.

आकडे नको असतील तर कागदपत्रांवर करा. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार आहे, एशियाटिक सोसायटीत जुने ग्रंथ आहेत, दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. आणि इथे एक गोष्ट आपली मराठी माणसं हमखास विसरतात: मराठी वाचता येणं हे संशोधनाचं हत्यार आहे. जुनी मराठी वर्तमानपत्रं, विधिमंडळातली भाषणं, पक्षांची मुखपत्रं, हे परदेशातल्या मोठ्या मोठ्या प्रोफेसरांना वाचता येत नाही. सीव्हीत भाषा या रकान्यात मराठी ठळक लिहा, मोडी येत असेल तर अजूनच भारी.

निबंध झाला की दोन माणसांना वाचायला द्या, त्यातला एक तरी राज्यशास्त्रातला. पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्या जर्नलांच्या नादी लागू नका, कमिटीला ती नावं बरोबर कळतात आणि फायदा सोडा, नुकसान होतं. वाचायला काय, तर ईपीडब्ल्यू (इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली) आपल्या मुंबईतूनच निघतं, त्याचे जुने अंक चाळा, स्टडीज इन इंडियन पॉलिटिक्स बघा, मराठीत समाज प्रबोधन पत्रिका. पण अमेरिकेला अर्ज करायचा तर तिथली मोठी जर्नल्स वाचल्याशिवाय त्यांची भाषा कळणार नाही.

*शिफारसपत्रं.* तीन लागतात. इंजिनिअरिंगच्या एचओडींनी "हा विद्यार्थी आज्ञाधारक आणि वेळेवर येणारा आहे" असं लिहिलं तर त्याचा शून्य उपयोग. तीनपैकी किमान एक, जमलं तर दोन, सामाजिक शास्त्रांतल्या कोणाची तरी हवीत, ज्याने तुमचं लिखाण वाचलंय. ती कुठून आणायची? एमए करत असाल तर तिथून. नसाल तर एखाद्या प्रोफेसरबरोबर किंवा संशोधन संस्थेत रिसर्च असिस्टंट म्हणून काम करा, पगार कमी मिळतो, पण पत्र दमदार मिळतं. बॉसचं पत्र चालतं, फक्त त्याने तुमच्या विचार करण्याच्या पद्धतीबद्दल लिहावं, टार्गेटबद्दल नाही. आणि आपल्याकडचा तो प्रकार, "तूच लिहून आण, मी सही करतो". नम्रपणे टाळा. त्यांना एसओपी, निबंध, आणि तुमच्या कामाचे मुद्दे असं एक पान द्या आणि म्हणा, "सर, तुमच्या शब्दांत आलं तर बरं होईल." तीन पत्रांची भाषा एकसारखी दिसली की संशय येतो. पत्र शक्यतो संस्थेच्या ईमेलवरून अपलोड व्हावं, कॉलेजचे बरेच सर जीमेल वापरतात, त्यांना महिनाभर आधी कल्पना द्या आणि डेडलाइनच्या आठवड्यात रोज नाही पण एक आड एक दिवस आठवण करा.

जीआरई ही प्रवेश परीक्षा बऱ्याच विभागांनी काढलीये किंवा ऐच्छिक केलीये, काहींना अजून लागते. ऐच्छिक असेल आणि तुमचं बीए इंग्लिश वगैरे असेल तर गणिताचा चांगला स्कोअर जोडायला हरकत नाही, इंजिनिअरला फारसा फरक पडत नाही. टोफेल, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचा स्कोअर दोन वर्षं चालतो, इंग्रजी माध्यमातून पदवी झाली असेल तर काही ठिकाणी सूट मिळते, कॉलेजकडून तसं पत्र घेऊन ठेवा.

प्रोफेसरांना आधी ईमेल करायचा का? ब्रिटनसाठी हो, नक्की. अमेरिकेत प्रवेश कमिटी ठरवते, त्यामुळे उत्तर नाही आलं तर मनाला लावून घेऊ नका, आणि आलं तरी हुरळून जाऊ नका.

पैशाचं

अर्जाची फी एकेका ठिकाणी शंभर डॉलरच्या आसपास जाते, दहा अर्ज म्हणजे बघा. फी माफी मागता येते, बऱ्याच विद्यापीठांत फॉर्म असतो, आणि ईमेल करून विचारायला लाजू नका, जास्तीत जास्त नाही म्हणतील. ब्रिटनसाठी फेलिक्स, ऑक्सफर्डची क्लॅरेंडन, गेट्स केंब्रिज. चिव्हनिंग फक्त मास्टर्सला आहे, दर वर्षी कोणीतरी पीएचडीसाठी विचारतंच. मुंबईतली दोन जुनी नावं, इनलॅक्स आणि जे. एन. टाटा एंडोमेंट, यातली दुसरी कर्जाच्या स्वरूपात मिळते हे लक्षात ठेवा.

राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज पण आहे, पण तिच्या २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास असे विषय वगळले होते, आणि राज्यशास्त्रवाल्याचा विषय नेमका तिथेच अडकू शकतो, त्यामुळे चालू वर्षाची नियमावली वाचूनच विषयाचं शीर्षक ठरवा. भारतातच पीएचडी करणाऱ्यांना बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी), महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त) आणि आदिवासी विद्यार्थ्यांना टीआरटीआय या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत, जाहिराती निघतात तेव्हा मुदत छोटी असते, जातीचा दाखला, वैधता, नॉन क्रिमी लेयर हे सगळं आधीच फोल्डरमध्ये तयार हवं. आयसीएसएसआरची (केंद्राची सामाजिक शास्त्र संशोधन परिषद) डॉक्टरल फेलोशिप वेगळी.

मुलाखत आणि नंतर

भारतातल्या मुलाखतीत एक प्रश्न येणारच: "तुम्ही इंजिनिअर, मग इकडे का?" यावर भाषण देऊ नका. प्रश्न सांगा, पद्धत सांगा, थांबा. पुढचा प्रश्न बहुतेक वेळा विषयाच्या पायाबद्दल असतो, राज्यसंस्था म्हणजे काय, अमुक विचारवंताने सत्तेबद्दल काय म्हटलं, बाहेरून आलेल्याला इथेच पकडतात. म्हणून राजकीय सिद्धांताचा एक पेपर तरी घट्ट करून जा. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, पॅनेलवरचे लोक याचसाठी तीस वर्षं बसलेत, फेकलेलं त्यांना कळतं. आणि मराठीत बोलायचं असेल तर सुरुवातीलाच विचारा, मुंबईत बऱ्याचदा हो म्हणतात.

अमेरिकेचे निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, बहुतेक विद्यापीठांत उत्तर द्यायची तारीख १५ एप्रिल, त्याआधी कोणी घाई केली तर वेळ मागायचा तुम्हाला हक्क आहे. वेटलिस्ट असेल तर त्या तारखेच्या आसपास हालचाल होते, फोन चालू ठेवा. ऑफर लेटरमध्ये स्टायपेंड नऊ महिन्यांचा की बारा, उन्हाळ्याचे पैसे कोण देणार, आरोग्य विमा आहे का, शिकवण्याचं काम कुठल्या वर्षापासून आणि किती, आणि फंडिंग किती वर्षांची हमी आहे, हे ओळीने बघा. नीट लिहिलेलं नसेल तर विभागाच्या ऑफिसला ईमेल करून लेखी घ्या. मग तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या भारतीय विद्यार्थ्याला शोधून अर्धा तास बोला, भाडं देऊन महिन्याला किती उरतं आणि गाइड ईमेलला किती दिवसांनी उत्तर देतो, हे दोनच प्रश्न विचारलेत तरी पुष्कळ कळतं.